भोपूचा चोथा

३ मार्च

धाकटे,

वर 'प्रिय' लिहायचं विसरले नाही. गाळलंय.

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस, म्हणून कागदावर लिहितेय. समोर बसून आई विचारतेय, "कुणाला गं एवढं?" मी म्हटलं, विमा कंपनीला. ती म्हणाली, "कडक लिही." लिहितेच आहे.

तुझा परवाचा व्हिडिओ मी पाहिलेला नाही. तुझे व्हिडिओ मी बघत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्यात सातव्या मिनिटाला तू निळं जाकीट सारखं करतेस, कॅमेऱ्याकडे झुकतेस आणि एक चित्र थांबवून त्याभोवती लाल गोल काढतेस. मग म्हणतेस, "बंदरकरांनो, हा आपला भोपू आहे की पिळून टाकलेला चोथा?" आणि हसतेस. ते हसू मी ओळखते. शेजारच्या काकूंची नक्कल करताना तू असंच हसायचीस, काकू दारात येऊन उभ्या आहेत हे दिसत असतानाही.

तो चोथा मी काढलाय.

मला माहीत नव्हतं, असं तू लोकांना सांग. मला सांगू नकोस. लहानपणी आपण बघायचो त्या 'ढगांचं बंदर' कार्टूनच्या नव्या पर्वात भोपू मरणार आणि त्याचं मरण माझ्या टेबलावर आलंय, हे स्टुडिओबाहेर मी एकाच माणसाला सांगितलं होतं. कुणाला सांगणार नाही अशी सही करून दिलेली असताना सांगितलं. तू फोनवर हमसून हमसून रडलीस. म्हणालीस, "तायडे, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तू काढ. तू काढलंस तर मी सहन करीन." हे सहन करणं होय?

भोपूला मारू नका म्हणून बैठकीत मीच भांडले होते. जहाजाएवढं धूड, पतंगासारखे पंख, बोलता येत नाही, नुसता भोंग्यासारखा हुंकार. आपण दोघी एका पांघरुणात बसून त्याच्यासाठी श्वास रोखायचो. तो वादळात हरवला त्या भागात तू टेबलाखाली जाऊन बसलीस आणि आईने ताट खाली सरकवलं तेव्हा जेवलीस. हे सगळं बैठकीत कसं सांगणार? मी नुसतीच ओरडले. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, "ज्याला एवढं लागतंय, त्यानेच हा प्रसंग करावा." मी घेतला. मरायचंच असेल तर त्याला ओळखणाऱ्याच्या हातून मरू दे, एवढाच विचार होता.

आणि तू थांबवलेल्या चित्राबद्दल. तुझ्या लाखभर बंदरकरांना माहीत नसेल, पण तुला पक्कं माहीत आहे की भोपू झटक्यात मान वळवतो तेव्हा मधलं एक चित्र मुद्दाम ताणायचं असतं. डोळ्याला ते चित्र दिसत नाही, नुसता वेग जाणवतो. एका सेकंदात चोवीस चित्रं जातात. त्यातलं हेच एक पकडून "बघा किती वाकडं" म्हणणं म्हणजे शिंकताना काढलेला फोटो दाखवून मुलगी कुरूप ठरवण्यासारखं आहे. हे तुला मी शिकवलंय. वहीच्या कोपऱ्यात उडता चेंडू काढून दिला होता, मधल्या पानावरचा लांबट चेंडू बघून तूच विचारलं होतंस, "हा अंडं का झाला?"

प्रेमाच्या व्हिडिओला बघे जमत नाहीत आणि रागाच्या व्हिडिओला झुंबड उडते, हे मला कळतं. पण राग हवा होता तर पैदा करायला दुसरं कुणी मिळालं नाही?

आता लोक मला शोधतायत. श्रेयनामावलीतून माझं नाव शोधून काढलंय त्यांनी. तू एक वाक्य बोललीस तर थांबतील. तुला कप्तान म्हणतात ना? मग जहाज वळव.

उत्तर पाठव. व्हिडिओतून नको.

ताई


१९ मार्च

धाकटे,

उत्तर व्हिडिओतून आलं.

माझं पत्र वाचून दाखवलंस. आवाज छान लावलास माझा. नाकात बोलते का गं मी इतकी? "शिंकताना काढलेला फोटो" यावर थांबून भुवया उंचावल्यास. "बघा, स्टुडिओवाले आता बहिणीला बहिणीवर सोडतायत," म्हणालीस. टाळ्यांचा आवाज मागून जोडलास.

भोपूवर रडलीस तो सगळा परिच्छेद मात्र तू गाळलास. "मला माहीत नव्हतं, असं तू लोकांना सांग" पासून "हे सहन करणं होय?" पर्यंत. वाचता वाचता तुझं बोट कागदावरून खाली सरकलं. ते बोट मी पाहिलं. पाहिलं म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या पार्श्वभूमी रंगवणारीने मला दाखवलं. मी तुझे व्हिडिओ बघत नाही.

पण बोटाखाली पाकीट होतं, ते तू पाहिलं नाहीस. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. लिहायचा असतो, पोस्टाची पद्धत आहे. क्षणभरच दिसलं ते. तुझ्या लोकांना क्षण पुरतो. चित्र थांबवून निरखायची सवय तूच लावलीस त्यांना.

आता ऐक. पहिल्यांदा एक खोका आला. वर माझं नाव, आत पिळून टाकलेल्या लिंबांचा सडका चोथा आणि तुझ्या व्हिडिओतलं छापलेलं चित्र. आईने उघडला. तिला वाटलं, कुणाची तरी चूक झाली. खालच्या दुकानदाराला दाखवायला घेऊन गेली. तो बिचारा म्हणाला, "काकू, मी असला माल ठेवत नाही."

मग फोन सुरू झाले. पत्त्यावरून घरचा नंबर काढायला त्यांना अर्धा दिवसही लागला नाही. आणि आई कोण आहे हे तुला सांगायला नको. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला तिचा. वाजणारा फोन न उचलणं म्हणजे तिच्या लेखी दारातल्या माणसाच्या तोंडावर कडी लावणं. प्रत्येक फोन उचलते. "नमस्कार, कोण बोलतंय?" पलीकडून शिवी. आई म्हणते, "आवाज तुटतोय, पुन्हा बोला." पलीकडचा पुन्हा बोलतो.

एका पोराला तिने विचारलं, "तुझ्या घरी कोण आहे मोठं? दे बरं त्यांच्याकडे." त्याने खरंच दिला गं! त्याच्या वडिलांशी ती बराच वेळ बोलली. पोराने त्यानंतर फोन करून माफी मागितली. आई खूश. संध्याकाळी मला म्हणते, "मुलं वाईट नसतात. कुणीतरी चढवलेली असतात."

कुणी चढवलंय ते मी तिला सांगितलेलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर तू अजून टीव्हीवर दिसणारी गुणी मुलगी आहेस. तिच्यासाठी गप्प आहे. तुझ्यासाठी नाही.

तो व्हिडिओ काढून टाक. आजच्या आज.

आणि हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. यावेळी पाकिटावर पत्ता टाकलेला नाही. तो आता सगळ्यांना पाठ आहे.

ताई


८ एप्रिल

व्हिडिओ काढून टाकलास. धन्यवाद म्हणणार नाही. एव्हाना त्याच्या प्रती इतक्या ठिकाणी पसरल्यात की मूळ विहीर बुजवून गावातलं पाणी परत येत नाही.

आता जे सांगते ते आईने तुला सांगितलेलं नसणार. ती सांगणारही नाही.

बुधवारी मी कामावर होते. स्टुडिओत शिरताना फोन कपाटात कुलूपबंद करावा लागतो. नवीन भागाची चित्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून. तुझ्यासारख्यांच्या भीतीनेच तो नियम आहे. दुपारी घरी फुलवाला आला. गोल चक्र, पांढरी फुलं, आणि त्यावर चकचकीत पट्टी. पट्टीवर माझं संपूर्ण नाव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली बारीक अक्षरांत 'भोपूच्या लाडक्यांकडून' असंही होतं. पण तेवढं खालपर्यंत कोण वाचतं? आईने नाव वाचलं.

फुलवाल्याला काही माहीत नव्हतं. "वाईट झालं, मावशी," एवढं म्हणून गेला तो.

तिने मला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग तुला लावला. तू उचलला नाहीस. तू तेव्हा कुठे होतीस ते मी विचारत नाही. मला माहीत आहे. बंदरकरांच्या मेळाव्यात होतीस, पाठीला भोपूचे पंख लावून; फोटो सगळ्यांनी पाहिले.

आई घरातल्या कपड्यांवर निघाली. पायात एक चप्पल तिची, एक माझी. स्टुडिओचं दार तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, रस्त्यात लोकांना विचारत विचारत आली. दारावरच्या पहारेकऱ्याला म्हणाली, "माझी मुलगी इथे काम करत होती." करत होती, म्हणाली. त्याने नाव विचारलं, यादीत पाहिलं आणि सांगितलं, "आहेत की मॅडम आत. सकाळीच आल्यात." तिला ते खरं वाटेना. म्हणाली, "मला खोटं सांगू नका हो. मी तयारीने आले आहे."

मला खाली बोलावलं. ती बाकावर बसली होती, मांडीवर ते फुलांचं चक्र. एवढ्या लांब ते घेऊन आली होती, का विचारू नकोस. मी "आई" म्हटलं. तिने उठून माझ्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपले, केस चाचपले. आणि सगळ्यांच्या देखत माझ्या थोबाडीत मारली.

"फोन का बंद ठेवतेस गं?"

मला लहानपणी कधी मारलं नाही तिने. तुलाही नाही.

पार्श्वभूमीवालीने आम्हाला गाडीने घरी सोडलं. डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब वाढला होता, गोळी दिली, विश्रांती सांगितली. तिच्या उजव्या हाताला सूक्ष्म कंप आहे तेव्हापासून. कप धरताना दिसतो. डॉक्टर म्हणतात, जाईल. बघू.

दुसरं एक झालंय, त्यावर गोळी नाही. फोन वाजला की आई स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडते.

परवा तिने मला सरळ विचारलं, "हे सगळं धाकटीच्या कार्यक्रमामुळे झालंय का?" मी भांडी लावत होते. मी म्हटलं, हो. तिने उठून भिंतीवरचा तुझा फोटो पुसला आणि परत जागेवर लावला. मी असते तर लावला नसता.

ताई


२६ एप्रिल

धाकटे,

तुझा माफीचा व्हिडिओ पाहिला. हो, पाहिला. बघत नाही वगैरे आता पुरे झालं. पहिल्यापासून सगळे पाहिलेत; तू उशीच्या अभ्र्यात भोपू होऊन नाचली होतीस तोही. त्याची पहिली गुपचूप प्रेक्षक मीच होते.

माफीत प्रकाश छान होता. अश्रू डाव्या गालावर आला तेव्हा तू तोंड किंचित उजवीकडे वळवलंस. मीही चित्रकार आहे. चेहरा कुठून चांगला दिसतो ते मला कळतं. "माझ्या आईला जो त्रास झाला", "मी शब्दांचं सामर्थ्य ओळखलं नाही." कुणी लिहून दिलं? आणि मग ते वाक्य: "हे काम माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे, याची मला पुसटशीही कल्पना नव्हती."

रडता रडता खोटं बोललीस. सवय लागली म्हणजे कठीण असतं.

आता काय झालं ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बंदरकरांनी तुझा जुना व्हिडिओ उकरून काढला, तू पत्र हलवत होतीस ते चित्र थांबवलं, मोठं केलं आणि गाळलेला परिच्छेद माझ्या अक्षरात वाचला. 'कप्तानला माहीत होतं.' 'गद्दार कप्तान.' तुझ्याच लाल गोलात आता तुझं तोंड आहे. पार्श्वभूमीवालीने दाखवलं तेव्हा म्हणाली, "आता तरी बरं वाटलं असेल तुला." मी हो म्हटलं. वाटलंही. दुपारच्या जेवणापर्यंत वाटलं. नंतर तुझ्या तोंडाच्या थांबवलेल्या चित्राखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं, आणि डबा तसाच घरी आणला. पण म्हणून तुझ्याविषयी माया आली असं समजू नकोस. सडलेल्या लिंबांचा वास मला कुणाच्याही दारात आवडत नाही, इतकंच.

स्टुडिओची बातमी तुला कुणी सांगितली नसेल. दिग्दर्शकाने बोलावून घेतलं. फार सौजन्याने बोलला. "तुमच्या सुरक्षिततेचा विचार करून आम्ही ठरवलंय, की उरलेल्या भागांच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव न टाकलेलं बरं." मी विचारलं, "काम?" म्हणाला, "काम चालू द्या की. कामाला कोण नाही म्हणतंय?"

म्हणजे मी काढायचं आणि कुणीच काढलं नाही असं दाखवायचं. शेवटच्या भागात भोपूची दोस्त ती नावाडी पोरगी एकटीच बंदरावर परतते आणि पाण्यात बघते, तो प्रसंग माझा आहे. मी आजवर काढलेल्या सगळ्यात चांगला. बाहेर कुणाला कळणार नाही. तुला सांगितलं, कारण तू ते लोकांना सांगितलंस तरी आता तुझ्यावर कुणाचा विश्वास नाही.

आईने तुला माफ केलंय असं कळलं. गुपचूप खालच्या दुकानदाराच्या मोबाइलवरून तुला फोन लावते, मी आंघोळीला गेले की. ठीक आहे. ती आई आहे, तिला दुसरा धंदा नाही. मला आहे.

ताई


२१ मे

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहिलंस हे पाहून आश्चर्य वाटलं. अक्षर अजून तसंच, प्रत्येक ओळ वर चढणारी. खाडाखोड खूप आहे. बरं वाटलं, खाडाखोड ठरवून करता येत नाही.

तू लिहितेस की, खोलीतल्या मैत्रिणींनी तुला महिनाअखेर जागा सोडायला सांगितलीय, कारण त्यांच्या दारातही खोके यायला लागले. बाहेर पडताना तोंडावर रुमाल बांधतेस. मेळाव्यातले ते पंख कुणीतरी चौकात जाळून त्याचा व्हिडिओ केला. आणि 'ढगांचं बंदर'चा शेवटचा भाग तू पाहिलाच नाहीस, लावायची हिंमत होत नाही. ज्या गोष्टीपायी हे सगळं केलंस, तीच बघता येत नाही. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले. एवढंच सांगते.

तू मागितलंस त्याचं उत्तर देते. "तायडे, तू एकदाच लिही की तू मला माफ केलंस. दोन ओळी. तू लिहिलंस तर ते थांबतील."

नाही लिहिणार.

खुन्नस म्हणून नाही. खुन्नस आहे, पण कारण ते नाही. मी तुला माफ केलेलं नाही, धाकटे. आई बाकावर बसली होती ती मला रोज दिसते. पायात एक तिची चप्पल, एक माझी. उद्या कदाचित दिसणार नाही, मग बघू. पण आज मनात नाही ते लिहून लाखभर परक्यांपुढे टाकायचं, त्यांनी त्यावर हात जोडलेली चित्रं डकवायची, तू ते वाचून दाखवायचं, हा खेळ मी खेळणार नाही. आणि ते थांबणार नाहीत. मी माफ केलं म्हटलं तर म्हणतील, दोघी मिळून नाटक करतायत. तू त्यांना ओळखतेस. तूच जमवलेत.

माझी माफी त्यांना दाखवायला मिळणार नाही. मिळालीच कधी तर घरात मिळेल, आणि ती मिळाल्याचं तुझ्या माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. ते तुला चालणार आहे का, ते आधी स्वतःला विचार. बघे नसताना आपण आहोत असं तुला वाटतं का? मला खरंच माहीत नाही.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, काही न गाळता. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आतल्या खोलीतला पलंग मोकळा कर." मी म्हटलं, तिथे माझं चित्रांचं टेबल आहे. म्हणाली, "मग टेबल हलव." तुझी बाजू घ्यायला आई आहे, माझी बाजू घ्यायला कुणी नाही. हलवलं टेबल. पाठ धरलीय.

तेव्हा ये. मी बोलावतेय असं समजू नकोस, पण ये. पहिले काही दिवस मी तुझ्याशी फारसं बोलणार नाही, त्याचा तमाशा करू नकोस. आईशी बोल. सकाळचा चहा तू करायचा. तिच्या हातातून अजून सांडतो आणि ते तिला आपण बघितलेलं आवडत नाही. रडायचं असेल तर रड, दिवा कुठल्या बाजूला आहे ते बघू नकोस. शेवटचा भाग बघायचा असेल तर मी बसेन शेजारी. मधे थांबवायचा नाही.

गाडीतून उतरलीस की मागच्या रस्त्याने ये, तिकडे वर्दळ कमी असते. रुमाल असू दे.

बेल आम्ही काढून टाकलीय. पोरं वाजवून पळायची. दार हाताने वाजव. आई आतून "कोण आहे?" म्हणेल. तू गप्प उभी राहशील, तुझी खोड आहे ती, मागे सगळेच हसायचो. आता तसं करू नकोस. नीट, मोठ्याने नाव सांग. या घरात हल्ली नाव ऐकल्याशिवाय दार उघडत नाहीत.

ताई